तिकांडे, बाजले आणि आमची सांदवाडी

शनिवार, २५ जानेवारी २०२५. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, आणि तो नेमका रविवारी आल्यामुळे एक सुटी बुडाली म्हणून घरातली लहान मंडळी हिरमुसली होती. थोरलीने मात्र कॅलेंडर पुढे धरले. म्हणाली, "अमावस्या २९ तारखेला आहे. म्हणजे शनिवारी चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. सारी रात्र अंधारी. शुक्र, शनी, गुरू, मंगळ चौघेही एकाच संध्याकाळी आभाळात आहेत. आजीकडे जाऊ." अशा रीतीने आम्ही सारे, म्हणजे उभयता, तीन मुले आणि एक दुर्बीण, दुपारच्या एस.टी.ने गावी निघालो.

दुर्बिणीविषयी आधी सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की ह्या घरात पैसा फार झाला. थोरली पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहायचा, हे तिचे काम. जवळचे बारीक पाहता पाहता तिला लांबचे पाहण्याचाही नाद लागला. एका निवृत्त शिक्षकांकडून तिने ही दुर्बीण जुनी म्हणून साडेसहा हजारांना घेतली, तीही तीन हप्त्यांत. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता हे कबूल करतो. तेवढ्या पैशात शिलाई मशीन झाली असती असे आमचे म्हणणे होते. (अजूनही आहे, पण आता हळू आवाजात.)

दुर्बीण आरशाची आहे. नळीच्या तळाशी ११४ मि.मी., म्हणजे साडेचार इंच व्यासाचा खोलगट आरसा. तो आभाळातला प्रकाश गोळा करून तोंडाकडे परत पाठवतो; तिथला छोटा तिरपा आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो, आणि त्या जागी बसविलेल्या भिंगाला आपण डोळा लावायचा. हा घाट न्यूटनने १६६८ साली घडवला. माणसाच्या डोळ्याची बाहुली गडद अंधारात फार तर सात मि.मी. उघडते. त्या मानाने हा आरसा अडीचशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. लोकांना वाटते दुर्बीण म्हणजे मोठे करून दाखवणारे यंत्र. खरे म्हणजे ती प्रकाश साठवणारी परात आहे.

नळी वाकळीत गुंडाळून, सुतळीने बांधून आम्ही बसमध्ये चढवली. कंडक्टरने तिला दोन्ही बाजूंनी न्याहाळले आणि विचारले, "काय हाये हे? कामठीच्या छावणीत पोचवाची तोफ का?" बस हसली. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, आणि मनसरच्या फाट्यावर उतरेपर्यंत ती नळी मांडीवर घेऊन बसण्यासाठी मुलांची पाळी लागली होती.

आमचे गाव रामटेक तालुक्यात, फाट्यावरून आत. बाबांचे सारे आयुष्य मॅंगनीजच्या खाणीत गेले. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. आई धाकट्या भावाकडे राहते. वस्ती गावाच्या कडेला, घर दोन खोल्यांचे. पण घरामागची सांदवाडी ऐसपैस आहे. तिथे एक कडुनिंब, शेवग्याचे झाड, एका कोपऱ्यात वालाचा मांडव आणि मधे सारवलेली मोकळी जागा. दुर्बिणीला ह्याहून चांगली जागा कोणती? पण दिवेलागण झाली आणि अडचण समोर आली. कुंपणाच्या अगदी पलीकडे ग्रामपंचायतीचा खांब आहे, त्याच्यावर पांढरा झगझगीत एल.ई.डी. दिवा. तो लागला तसा शेवग्याच्या पानापानाची सावली भिंतीवर पडली. आभाळ धुरकट होऊन वर सरकले.

थोरली म्हणाली, "आजी, खांबाला बटण आहे. तासभर बंद करू का?"

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तो लाइट बंद नाही कराचा."

तिचे कारण आम्हांला ठाऊक होते, मुलांना नव्हते. गावात वीज आली तेव्हा खांब आमच्या वस्तीच्या अलीकडेच थांबले. पलीकडे अंधार. बाबांनी अर्ज केले, वस्तीच्या सह्या गोळा केल्या, सरपंचांच्या दारात जाऊन बसले. पहिला खांब यायला अकरा वर्षे लागली. तोपर्यंत पावसाळ्यात ह्या गल्लीतून कंदील घेऊन चालायचे आणि पायाखाली बघायचे. आमची एक चुलत बहीण सापाच्या दंशाने ह्याच गल्लीत गेली. "तुह्या आजानं ह्या लाइटासाठी चपला झिजवल्या," आई नातीला म्हणाली. "आता आशाताई रातची बाळंतिणीकडे जाते, पोरी शिकवणीहून येतात. तुले चांदण्या पाहाच्या हायेत तर दुसरं काही कर. लाइटाले हात नोको लावू."

थोरली गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. ज्या दिव्यासाठी बाप झगडला तो त्याच्याच नातीने तारे बघण्यासाठी बंद करावा, हे आम्हांलाही पटेना. आणि तो चालू असेपर्यंत दुर्बीण आणली न आणली सारखीच, हेही दिसत होते.

तोड धाकट्या भावाने काढली. त्याच्याकडे धान वाळवायची मोठी ताडपत्री होती. तिचे एक टोक कडुनिंबाच्या फांदीला, दुसरे उभ्या केलेल्या बांबूला बांधले. खांब झाकला गेला, सांदवाडीत सावलीचा एक लांब पट्टा तयार झाला, आणि गल्लीतला उजेड जिथल्या तिथे राहिला. आई बाहेर आली, दोन्हीकडे पाहून घेतले, आणि म्हणाली, "असं करा नं मंग."

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या गावापासून फार लांब नाही तो पेंच व्याघ्र प्रकल्प. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे काळोख्या आभाळाचे राखीव स्थान, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा ह्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. दिवे काढले नाहीत, वळवले. आभाळ नासते ते दिव्यामुळे नाही. उजेड वर आणि आडवा सांडतो, हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आदळून पसरतो, त्यामुळे नासते. पांढऱ्या एल.ई.डी.त निळा अंश अधिक असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून हे नवे दिवे आभाळाला जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा जास्त बाधतात. भावाने पुढे ग्रामपंचायतीत अर्ज दिला की आमच्या खांबावरच्या दिव्याला वरून व मागून पत्र्याचा टोप बसवावा. तिथले बाबू म्हणाले, "दिवा लावा म्हणून अर्ज येतात, झाकून द्या म्हणून हा पहिलाच." पण होळीच्या सुमारास टोप बसला. गल्लीत उजेड पूर्वीपेक्षा उलट जास्त पडतो, कारण तो आता वाया जात नाही.

असो. त्या रात्री आमच्याजवळ ताडपत्रीच होती.

सूर्य सहाला मावळला होता. पश्चिमेला शुक्र इतका तेजस्वी की एक नातेवाईक विमान म्हणाले. दुर्बीण आधी त्याच्यावर लावली. धाकट्याने डोळा लावला आणि ओरडला, "चंद्र आहे!" चंद्र नव्हताच त्या वेळी. शुक्रच अर्ध्या चंद्राएवढा, खरे म्हणजे त्याहून किंचित कमी, कापल्यासारखा दिसत होता. शुक्रालाही चंद्रासारख्या कला आहेत हे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, आणि शुक्र पृथ्वीभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरतो ह्याचा तो मोठा पुरावा ठरला. आई म्हणाली, "शुक्राची चांदणी सारा जलम पाह्यली. ती अर्धीच हाये हे कोणी सांगतलंच नाही."

शुक्राच्या खाली, जरा बाजूला, पिवळसर शांत ठिपका होता तो शनी. नऊच्या सुमारास तो मावळणार, म्हणून घाई. तोवर शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांपुढे घेतला. "शनीकडे नाही पाहू म्हणतात. माह्या पोराले साडेसाती सुरू हाये."

आमच्या घरात पत्रिका आणि मुहूर्त हा विषय ऑक्टोबर १९५६ मध्ये, आजोबा नागपूरला दीक्षेला गेले तेव्हाच मिटला. पण शेजारणीची भीती खोटी नव्हती, तिची थट्टा करण्यात अर्थ नव्हता. मधल्या मुलाने, जो आठवीत आहे, त्यांना हिशेब सांगितला. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे दिसणार. आपली रास, तिच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा तीन मोजल्या की झाली साडेसात वर्षे. "काकू, ज्याला साडेसाती नाही असा माणूसच नसतो. सगळ्यांनाच पाळीपाळीने येते, बसच्या सीटसारखी." हिशेब आभाळाचा आहे, दक्षिणा मागाहून कोणीतरी जोडली.

काकूंनी शेवटी डोळा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढासा? बोरात सुई टोचल्यावानी दिसते."

ह्याहून चांगले वर्णन आम्हांला करता येणार नाही. मुलांना मात्र वाईट वाटले, कारण पुस्तकात शनीची कडी ताटासारखी पसरलेली असते. त्या महिन्यात ती आपल्याकडे जवळजवळ कडेने वळलेली होती. शनी कललेल्या अवस्थेत सूर्याभोवती फिरतो, म्हणून साधारण दर चौदा-पंधरा वर्षांनी कडी आपल्याला धारेवरून दिसते, पत्र्याची थाळी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरावी तशी. २३ मार्च २०२५ ला ती अगदी धारेवर आली. आता ती पुन्हा उघडू लागली आहे आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. त्या रात्री शनी आपल्यापासून दीडशे कोटी कि.मी.हून लांब होता. एवढ्या लांबून येऊन तो कोणाच्या नोकरीत विघ्न कसे आणतो, असे धाकट्याने विचारले. काकू म्हणाल्या, "आनते बा, तुले काय मालूम," आणि स्वतःच हसल्या.

एक गोष्ट इथे लक्षात आली. नव्वद पटीच्या भिंगात शनी मधोमध आणून ठेवला की दोनेक मिनिटांत तो सरकत सरकत बाहेर जातो. आधी वाटले तिपाई हलते. तिपाई नव्हे, आपण हलतो, पृथ्वी फिरते. शाळेत हे वाक्य आपण पाठ केलेले असते. सांदवाडीत पिढ्यावर बसून, शनीला पुन्हा पुन्हा पकडताना, ते पहिल्यांदा खरे वाटले.

आठनंतर जेवणे झाली. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा भरून टोपली मधे ठेवली होती. पाहणारा पाही, बाकीचे शेंगा सोलत. आमच्या सौभाग्याने कोणीतरी मोबाइलचा दिवा लावलाच, आणि सगळे ओरडले. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि एका झोताने ती मोडते. उद्याच्या झेंडावंदनाच्या सजावटीतला लाल जिलेटिन कागद बॅटरीला गुंडाळला, मग भागले. लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात.

गुरू डोक्यावर, रोहिणीच्या जवळ होता. त्याच्या अंगावर दोन मळके पट्टे, आणि दोन्ही कडांना एका रेषेत टाचणीच्या टोकाएवढे त्याचे चंद्र. साडेआठला कागदावर त्यांची जागा मांडली, साडेदहाला पुन्हा मांडली. एक सरकला होता. दोन तासांत, आमच्या डोळ्यांदेखत. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने रात्रीमागून रात्र हेच केले होते, ह्याहून लहान दुर्बिणीतून. मंगळाने मात्र निराशा केली. १६ जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर आलेला, म्हणजे पृथ्वीच्या जवळ होता, पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी लालबुंद दिसत होता. तरी दुर्बिणीत मसुरीच्या डाळीएवढाच. किती मुलींची लग्ने ह्या डाळीने मोडली असतील!

साडेनऊला मृग नक्षत्र माथ्यावर आले आणि आई अंगणातल्या बाजेवरून स्वतः उठली. तोवर ती कडेने बसून पोरांची मजा पाहत होती. तिने बोट वर केले. "ते तिकांडं."

मृगाच्या मध्यावरचे तीन तारे, पुस्तकात ज्यांना हरणाच्या पोटात घुसलेला बाण म्हणतात, त्यांना आमच्याकडे तिकांडे म्हणतात. आमच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते. बाबांची पाळी तिकांड्यावर चाले. कार्तिकात तिकांडे माथ्यावरून मावळतीकडे कलले की आई भाकरीला बसे. मार्गशीर्षात रात्रपाळीहून येणारा माणूस ते मावळतीला टेकलेले पाहत घरी येई. आईला हेही ठाऊक होते की ते दर पंधरवड्याला तासभर लवकर येते, म्हणून खूण बदलत न्यावी लागते. मधल्याने वहीत भागाकार केला. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, पंधरा दिवसांत साठ मिनिटे. त्याने आजीकडे पाहिले. "हे आम्हांला नववीत आहे," तो म्हणाला. कधी आहे ते देव जाणे, पण त्याच्या आवाजात आदर होता. आई शाळेत गेलेली नाही.

"पण मले वाटे," ती म्हणाली, "लाइट आला तवापासून चांदण्या गेल्याच. आठ-दहा सालापासून मले दोन-चारच दिसत. मी मनात म्हणो, जाऊ दे, लाइट तर आला."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दिव्याने काही गेल्या होत्या हे खरे. पण आईला मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. तो किती वर्षांपासून वाढत होता हे कोणाच्या लक्षात आले नाही, तिनेही सांगितले नाही. सुईत दोरा ओवायला नात, आणि आभाळ गेले ते दिव्यामुळे, असा तिने हिशेब मांडून टाकला होता. दिवाळीनंतर डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली; उजव्याची व्हायची होती. तेव्हापासून रात्री ती सांदवाडीत आली होती ती दिव्याच्या झोतातच.

थोरलीने कमी ताकदीचे, छत्तीस पटीचे भिंग बसवले आणि दुर्बीण कृत्तिकांवर लावली. आईला पिढ्यावर बसवले. "आजी, डावा डोळा. उजवा हातानं झाक. भिंगाला टेकू नको, श्वास बाजूला सोड." म्हाताऱ्या माणसाला दुर्बिणीतून पाहणे सोपे नसते. डोळा नेमका जागेवर यावा लागतो, मान अवघडते. पहिल्यांदा तिला काळेच दिसले. दुसऱ्यांदा स्वतःच्या पापण्या दिसल्या. पोरे दम धरून उभी. तिसऱ्यांदा तिचा हात थोरलीच्या मनगटावर घट्ट बसला.

"किती हायेत वं," ती म्हणाली. "निळ्या हायेत."

निळ्याच आहेत. कृत्तिका हे तरुण, फार तप्त ताऱ्यांचे कुटुंब आहे, चारशे प्रकाशवर्षांहून लांब. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा रंग आधी मरतो. नवे भिंग बसले की तो परत येतो. तिच्या त्या एका डोळ्याला, खरे सांगायचे तर, आमच्यापेक्षा चांगले निळे दिसत असावे. ती मोजत राहिली. पंधरा-सोळापर्यंत मोजल्या, मग तारे सरकले. थोरलीने पुन्हा लावले. पुन्हा एकपासून सुरुवात. आमच्यापैकी कोणी मधे बोलले नाही. पाळी कोणाची होती हेही कोणी विचारले नाही.

मग तिकांड्याच्या खाली लोंबणारा तो धुरकट ठिपका पाहिला. मृगातला तेजोमेघ, जिथे नवे तारे जन्मतात. छायाचित्रांत तो गुलाबी, जांभळा दिसतो. डोळ्यांना तसा दिसत नाही, हे दुर्बीण घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे. दिसतो तो राखाडी, पंख पसरलेल्या वटवाघळासारखा, मध्ये चार तारे दाटीने बसलेले. "चुलीचा धूर," आई म्हणाली. तो धूर आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे वर्षे लागतात. मनसरच्या टेकडीवर उत्खननात निघालेली विटांची बांधकामे वाकाटकांच्या काळची, दीड हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा आमच्या मनसरच्या त्या विटा रचून झाल्या होत्या. एस.टी.च्या खिडकीतून ती टेकडी आम्ही शंभरदा पाहिली असेल. मुले आता तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

दक्षिणेला अगस्तीचा तारा होता, पण मळकट. त्या बाजूला क्षितिजावर तांबूस फिकट उजेडाची कमान दिसत होती. तो नागपूरचा उजेड. पन्नासेक किलोमीटरवरून आमचेच शहर आभाळ पुसत होते, ज्या शहरात आमच्या गच्चीवरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात.

अकराच्या सुमारास थंडी वाढली. दुर्बिणीच्या भिंगावर श्वासाचे धुके धरू लागले, धाकटा वाकळीत गुरफटून झोपला. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते, आणि आईने गोष्ट काढली. तिच्या लेखी ते ऋषी नव्हेत. चार ताऱ्यांचे आहे बाजले, म्हातारीचे. मागचे तीन ताऱ्यांचे शेपूट म्हणजे तीन चोर. म्हातारी झोपली की बाजले पळवायचे म्हणून ते रात्रभर मागे मागे असतात. म्हातारी जागी राहते, म्हणून बाजले अजून आभाळातच आहे. आणि पाहिले तर खरेच तसे: बाजले आधी वर आले होते, चोर एकेक करून मागाहून क्षितिजावर चढले. ही केवळ आमच्या आईची गोष्ट नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि विदर्भातले गणेश हलकारे ह्यांनी गोंड वस्त्यांवर जाऊन तिथले तारेज्ञान लिहून काढले, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही हीच खाट आणि हेच तीन चोर आहेत. आमच्या तालुक्यात गोंड आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच आभाळाखाली रोजी करत आलो. गोष्ट कोणी कोणाला दिली हे कोण सांगणार?

ज्यांना असे पाहण्याची इच्छा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नये. नागपूरला रमण विज्ञान केंद्रात, मुंबईला वरळीच्या नेहरू तारांगणात मुलांना न्यावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून ह्या कामात आहे. घरात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असेल तर हात भिंतीला टेकवून धरा, गुरूचे चंद्र आणि चंद्रावरचे खड्डे तिच्यातूनही दिसतात. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये, क्षणभरही नाही. डोळा जातो. मुलांच्या हाती दिवसा दुर्बीण एकटी सोडू नये.

बारा वाजता नळी वाकळीत गुंडाळायची म्हणून आम्ही उठलो. आई म्हणाली, "राहू दे तशीच. पहाटे चंद्र निघन म्हणता नं?"

शाळेत झेंडावंदन साडेसातला होते, मुलांना तसेही लवकर उठायचे होते. पण त्यांना आधी उठवले ते आईनेच. पाच वाजले असतील. दव पडून ताडपत्री ओली झाली होती, कोंबडे सुरू झाले होते. आग्नेयेला झाडांच्या वर कोरीव कोयत्यासारखा चंद्र, आणि त्याच्या पोटात उरलेले काळे बिंब अंधूक दिसत होते. तो पृथ्वीवरून गेलेला उजेड, आपलाच, परत आलेला. आम्ही शाल ओढत बाहेर आलो तेव्हा थोरली झोपेतच दुर्बीण फिरवत होती आणि आई पिढ्यावर बसून होती, डावा डोळा लावून, उजवा तळहाताने झाकून. चंद्राच्या कडेवरचे खड्डे ती बोटाने हवेत गिरवत होती. मुले तिच्यामागे रांगेत उभी राहिली. धाकट्याने विचारले, "आजी, झालं का?"

"सरकला रे बा," ती म्हणाली. "थांब. पुन्हा लाव म्हणा तिले."